रुसायची सतरंजी

लग्नाला निघताना गुणवंतकाका बॅगेत स्वतःची सतरंजी घालतात. झोपायला नव्हे, रुसायला.

आदिलाबादला ते आमचे शेजारी. तहसील कचेरीतून रिटायर झालेले. कोणी रुसल्याशिवाय लग्न पार पडलं असं त्यांना वाटतच नाही, आणि एवढं मोठं काम ते नवशिक्यांवर सोडत नाहीत. भाजीतलं मीठ, पंगतीतली जागा, कारण कुठलंही चालतं. “आमी चाल्लो!” म्हणून ते उठतात आणि मांडवातून नीट दिसेल अशा झाडाखाली सतरंजी अंथरतात. बस येते, जाते. “हिच्यात गर्दी हाय,” म्हणतात. समजूत घालायला आलेल्याला पहिलं उत्तर ठरलेलं, “दरखास्त नामंजूर!” मग आणखी थोडी मनधरणी झाली की विरघळतात आणि जिलेब्यांवर ताव मारतात.

माझा मित्र संतोष, त्याचं लग्न जैनथजवळच्या त्याच्या गावी होतं. कापूस विकून गाव मोकळं झालेलं, त्यामुळे मांडवापासून सत्यनारायणापर्यंत कोणालाच घाई नव्हती. काका आणि मी शेवटपर्यंत मुक्कामाला.

ऐन लग्नाच्या दिवशी आहेराची पहिली टोपी चुकून दुसऱ्याच पाहुण्याच्या डोक्यावर गेली. संतोषचे भाऊजी म्हणजे घरचे मोठे जावई, त्या टोपीचा मान त्यांचा. ते ताडकन उठले. “सामान भर,” बायकोला म्हणाले. भावाच्या हळदीत नाचलेली ती बिचारी पांढरीफटक पडली. आता ही माहेरच्या मांडवातून रडत जाणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

तेवढ्यात काका गरजले, “माहा चहा कुठी हाय? आमी चाल्लो!”

चहाचा रिकामा कप त्यांच्या हातातच होता. पण अख्खा मांडव त्यांच्यामागे लिंबाखाली धावला. “दरखास्त नामंजूर! मोठ्या जावयाले बोलवा!” आले बिचारे जावई. “काका, चहासाठी काऊन तमाशा करून राह्यले? घरचं कार्य हाय ना!” स्वतःच एवढं बोलून बसल्यावर त्यांना रुसायची सोय उरली नाही. काकांचा हात धरून तेच मांडवात परतले. मागून त्यांच्या बायकोने डोळे पुसले. हा माणूस थोर आहे, हे मला तेव्हा कळलं.

सत्यनारायण आटोपला, पाहुणे पांगले, मांडव सोडायला घेतला. पाहतो तर काका पुन्हा लिंबाखाली, सतरंजीवर.

“आता काऊन रुसले, काका? लग्न तं झालं.”

ते सतरंजीचा दोरा ओढू लागले.

“तुही काकू होती तवा रोज रुसो मी. ते पदर खोचून ये. ‘चाला, भात थंडा होऊन राह्यला’ म्हने. ते गेल्यावर घरी एकदा रुसून पाह्यलं, बाप्पा. अंधार पडला. मंग आपलाच आपन उठलो अन् कुकर लावला.”

रस्त्यावर आदिलाबादचा ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी वाकून त्यांचा हात धरला.

“आज आमच्याइथंच जेवा काका. आई वाट पाहून राह्यली. चाला, भात थंडा होऊन राह्यला.”

नामंजूर म्हणतील असं वाटलं. पण तसं म्हणाले नाहीत.

“आनखी एकदा म्हन,” म्हणाले.