वाळ्याची ताटी बांधलेली गाडी

सन २०२४. मी बाहत्तर वर्षांचा होतो, आणि यवतमाळात आमच्या घराच्या भिंतीले भिंत लागून एक माणूस राहत होता, जो चहा पिण्याआधी चहावर पिस्तूल रोखायचा.

पिस्तूल म्हणजे करोनाच्या काळात दुकानाच्या दारात ताप पाहायले आपल्या कपाळावर धरत होते, ते. करोना गेला, लोकांनी ती पिस्तुलं माळ्यावर टाकली. पांढरीपांडे साहेबांनी मात्र तेव्हाच विकत घेतलं. ते माणसाचं होतं. चहावर धरलं की नुसतं 'हाय', म्हणजे लय ताप, एवढंच लिहून यायचं. साहेबांले ते सहन झालं नाही, मग त्यांनी मशीनचं मागवलं. तेव्हापासून वरण, भिंत, कुत्र्याचं नाक, बँकेच्या पायऱ्या, काहीच सुटलं नाही. कोणी काहीही सांगायले गेलं की त्यांचं एकच, "थांबा. आधी ताप पाहू." समोरच्या वहिनी सांगायले आल्या, नळाले पाणी नाही. साहेबांनी आधी नळाचा ताप पाह्यला.

साहेब पाटबंधारे खात्यात नकाशे काढत. लग्न केलं नाही. काहून केलं नाही विचारलं तर म्हणत, "राहून गेलं," जसं दळण आणायचं राहून जाते. घरात ते आणि त्यांची विधवा बहीण, कुसुमताई. दोघंही हळू बोलत. त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर मले वाटे, कोणीतरी भांडून राह्यलं.

मी तांड्यातला माणूस. आमचे म्हातारे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरले. ऊन आम्हाले सावलीसारखं. शाळा मी चौथीपर्यंत पाह्यली, त्यातली तिसरी दोनदा. पण दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी जीप मी अशी चालवली की चढावर माझ्या मागची गाडी हॉर्न देत नव्हती. डोक्यावर ओला दुपट्टा, खिडकीची काच खाली, झालं. एसी हा आजारी माणसाचा आणि नवरदेवाचा, असं माझं मत होतं. आणि माझं मत मी बदलत नसतो, हे दारव्ह्याच्या स्टँडवर कोणालेही विचारा.

मग डोळ्यात काचबिंदू निघाला. पोरानं जीप विकली आणि मले शहरात आणून ठेवलं. मी बाजूच्या सीटवर बसणारा माणूस झालो. हे लिहितानाही मान खाली जाते.

साहेबांजवळ एक जुनी डिझेलची जीप होती, टर्बोवाली. रिटायर झाल्यावर कोण्या ठेकेदाराकडून घेतलेली. ती ते चालवत, म्हणजे स्टिअरिंग धरत. बाकी सगळं मी सांगायचो.

"राठोड, दुसरा की तिसरा?"

"तिसरा टाका, साहेब. आणि क्लचवर पाय ठेवून बसू नका, तो पाट नाही."

दर बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं दारव्ह्याले जायचो. मले स्टँडवर जुन्या ड्रायव्हर लोकांत बसायचं असे. साहेबांले तिथं काडीचं काम नव्हतं. म्हणत, "मला लिंबं घ्यायची आहेत." जशी यवतमाळात लिंबं मिळतच नाहीत.

एप्रिलच्या सुरुवातीले एक दिवस दुपारून परत येत होतो. दारव्ह्याकडून यवतमाळले येताना चढ लागतो. साहेबांनी एसी लावलेला. गाडी ओढेना, कुंथायले लागली. मी म्हटलं, "एसी बंद करा, तो इंजिनाचा दम खाते. काच खाली घ्या." साहेब म्हणाले, "बाहेर आग आहे हो." मी म्हटलं, "आगीतच जन्मलो." त्यांनी एसी बंद केला. गाडी चढली. पुढचं मले नीट आठवत नाही, कारण मले झोप लागली. उठलो तेव्हा गाडी एका पळसाखाली उभी होती, माझा सदरा ओला होता आणि साहेब पिस्तूल खिशात ठेवत होते.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचा डोळा लागला. मी जरा पाणी सांडलं."

मी म्हटलं, ह्या माणसाले पाण्याची बाटलीही धरता येत नाही.

त्या दिवसापासून साहेबांच्या डोक्यात इंटरकूलर शिरला. चहा इंटरकूलरचा, फेरफटका इंटरकूलरचा. मले त्यांनी गेटजवळ उभं करून समजावलं. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं बूड तापते ना, तसंच टर्बोचं. तो इंजिनात हवा कोंबते, कोंबली की हवा तापते, तापली की पसरते, मग इंजिनाच्या पोटात मावते कमी आणि चढावर दम निघते. मधात एक जाळी बसवायची, रेडिएटरसारखी, तोच इंटरकूलर. कोंबलेली हवा तिच्या आतून जाते, बाहेरून वारा लागते, हवा आवळून येते, मग जास्त मावते.

"दम वाढला की चढावर एसी चालू ठेवून गाडी चढेल," साहेब म्हणाले. "मला एवढंच पाहिजे. पावसाळ्याच्या आत."

"एवढ्यासाठी इंजिन उकलता? काच खाली घ्या ना."

"आधी ताप पाहू," म्हणून त्यांनी माझ्या कपाळावर पिस्तूल धरलं. हे नवीनच सुरू झालं होतं. गाडीत बसायच्या आधी बोनेट, मग टायर, मग मी. मी काय मशीन आहो?

इंटरकूलर निवडायले आम्ही अफजलभाईच्या भंगारात गेलो. अफजलभाई आमच्याच वयाचा, गाड्या तोडायचा धंदा. त्यानं अपघाताच्या गाड्यांतून काढलेल्या जाळ्या समोर मांडल्या. एक चपटी, इंजिनाच्या डोक्यावर बसणारी. साहेबांनी बोनेट उघडून इंजिनावर पिस्तूल धरलं आणि म्हणाले, "चुलीवर माठ ठेवण्यासारखं आहे हे." ती गेली. दुसरी दाराएवढी मोठी. अफजलभाई म्हणे, "साहब, ये लगाओगे तो गाड़ी सोचती रहेगी. इतना पेट भरने तक चढ़ाव खतम." तीही गेली. तिसरी एका छोट्या पिकअपची, मधली, पुढून जाळीमागं रेडिएटरच्या समोर बसणारी. ती साहेबांच्या मनात भरली. पण फुटकी असली तर?

अफजलभाई कंप्रेसर आणायले निघाला. साहेब म्हणाले, "नको. कंप्रेसर फार जोरात मारतो, बारीक भोक असेल तर मोठं करील. राठोड फुंकतील."

आणि मी फुंकलं. रस्त्याच्या कडेले, पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या घमेल्यासमोर, जाळी आत बुडवून, तिचं एक तोंड चिंधीनं बंद, दुसरं माझ्या तोंडात. गाल फुगलेले, डोळे बाहेर. साहेब घमेल्यात वाकून बुडबुडे शोधत होते. तेवढ्यात रस्त्यावरून एक काळीपिवळी गेली आणि आतून कोणीतरी ओरडलं, "अबे, हे तर राठोड नाईक! शहनाई कवापासून वाजवायले लागले?"

बुडबुडा एकही निघाला नाही. मी मात्र जमिनीत जायले तयार होतो.

जाळी बसली, रबरी पाइप जोडले. गाडी खरंच चढली. चढावर, एसी चालू ठेवून, चौथ्यात नाही पण तिसऱ्यात, न कुंथता. मले मानावं लागलं. मी तोंडानं मानलं नाही. पण मे लागला, उन्हानं कहर केला, आणि साहेबांच्या पिस्तुलानं जाळीच्या पाइपावर मनाजोगा आकडा दाखवला नाही. बाहेरचा वाराच भट्टीचा, तो काय गार करणार? तेव्हा साहेबांनी ते केलं जे आमच्या भागात कोणीही करते, फक्त घराले. कूलरले लावतो ती वाळ्याची ताटी त्यांनी कापली, जाळीएवढी केली, सुतळीनं गाडीच्या तोंडाले बांधली आणि मगानं भिजवली. रेडिएटर झाकू नये म्हणून वरचा भाग मोकळा ठेवला. त्यामुळं वाळ्याच्या काड्या खाली लोंबू लागल्या.

आम्ही दारव्ह्याच्या स्टँडवर पोहोचलो. उतरायच्या आधीच पुंडलिक उठून उभा राह्यला. पुंडलिक म्हणजे माझा जुना जोडीदार. पंधरा वर्षं त्याची जीप माझ्या मागं लागे.

"नाईक, मुंडावळ्या बांधून वरात कोणाच्या मांडवात चालली?"

"नवरी कुठं आहे, हे विचार," दुसरा म्हणाला.

"नवरी कायले विचारता? बाजूले बसली ना, एसीत."

सगळे हसले. साहेबही हसले, त्यांले वाटलं गाडीचं कौतुक होऊन राह्यलं. त्यांनी पिस्तूल काढून पुंडलिकाच्या चहाचा ताप सांगतला. माझे कान तापले होते, ते कोणी मोजले नाहीत.

पुढच्या बाजाराले मी स्टँडच्या अलीकडं, कडुनिंबाखाली उतरतो म्हटलं. पाय मोकळे करायचे म्हणून. साहेबांनी गाडी थांबवली. त्याच्या पुढच्या बाजाराले मी बोलायच्या आधीच त्यांनी कडुनिंबाखाली गाडी थांबवली. मी उतरलो, आणि गाडी आपली नाही अशा चालीनं स्टँडवर गेलो. परतीले पुन्हा तिथंच. साहेब ताटी भिजवून, हातात पाण्याचा मग धरून उभे होते. लिंबं घेतली नव्हती.

त्यानंतर मी जाणंच सोडलं. साहेब बोलावायले आले तर सांगतलं, "मी त्या वरातीत येत नाही." जोरात सांगतलं, गल्ली ऐकेल असं. साहेब "बरं" म्हणाले. पिस्तूल त्यांनी काढलं नाही. दोन बाजार गेले. त्यांची गाडी जागची हलली नाही. ताटी वाळून कडक झाली.

बाजाराच्या आदल्या सायंकाळी कुसुमताईंनी भिंतीवरून हाक मारली, "राठोडभाऊ, पन्हं केलंय, या." मी गेलो. साहेब मागच्या खोलीत होते, दार लोटलेलं. ताईंनी पेला दिला आणि आवाज आणखी हळू केला.

"उद्याही तो जाणार नाही. मी म्हटलं, लिंबं तरी आण. म्हणाला, रिकामी गाडी कशाला चढवायची."

मी म्हटलं, "त्याइले हौस ना, ताई, चढवायची. एवढं इंटरकूलर बसवलं."

ताईंनी मागच्या दाराकडं एकदा पाह्यलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला खरंच ठाऊक नाही का? त्या दिवशी पळसाखाली तुम्हाला झोप नव्हती लागली, भाऊ. तुम्ही हाकेला ओ देत नव्हता. त्यानं सगळी बाटली तुमच्या डोक्यावर ओतली. कपाळाचा आकडा पाहिला तो मला घरी येऊन सांगितला. मी म्हटलं, त्यांना स्पष्ट सांग, आता उन्हात एसी बंद करायचा नाही. तर म्हणाला, ताई, सांगितलं तर राठोड पुन्हा गाडीत बसणार नाहीत. त्यांना काही म्हणता येत नाही. गाडीचंच काहीतरी करतो."

पन्हं गोड होतं की आंबट, मले सांगता येणार नाही. पेला खाली ठेवायले जागा सापडेना. बोनेट, टायर, मग मी. तो माणूस बोनेटचा ताप कधीच पाहत नव्हता. बोनेट अन् टायर मले फसवायले होते.

मागच्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, "ताई, कोण आलंय?"

ताई माझ्याकडं पाहत म्हणाल्या, "कोणी नाही रे. राठोडभाऊ आलेत."

दार उघडलं नाही. त्याइलेही लाज वाटत असावी, मी गल्लीसमोर बोललो त्याची. मी चपला घातल्या आणि घरी आलो. माफी मागणं मले चौथीपर्यंत कोणी शिकवलं नाही, आणि नंतर मी कोणाले शिकवू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळ यायच्या वेळेस, गल्लीतल्या सगळ्या बाया बादल्या घेऊन उभ्या असताना, मी माझी बादली भरली आणि साहेबांच्या गाडीसमोर गेलो. ताटी सुतळीनं सैल झाली होती, ती आवळून बांधली. मग मगानं पाणी टाकलं, एकेका काडीवर. वाळ्याचा वास गल्लीभर झाला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "काकाजी, हे काय करून राह्यले?" मी म्हटलं, "दारव्ह्याले जाऊन राह्यलो, गाडी भिजवतो." साहेब दारात येऊन उभे राह्यले होते, बनियनवर. ते आत जाऊन सदरा घालून आले.

मी बाजूच्या सीटवर बसलो. गाडी दारव्ह्याजवळ आली, कडुनिंब दिसला, साहेबांचा पाय ब्रेककडं गेला.

"थांबू नका, साहेब. स्टँडवर घ्या. दुसरा टाका."

पुंडलिक लांबूनच उठला. त्यानं तोंड उघडायच्या आधी मी खाली उतरलो, सगळ्यांच्या समोर, साहेबांच्या खिडकीपाशी गेलो, डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि कपाळ पुढं केलं.

"आधी ताप पाहा," मी म्हटलं.