मेश्रामभाऊ आणि लहरी टेस्ट

आमच्या प्रकल्पात एखादी टेस्ट नापास झाली तर ती आणखी दोनदा चालवायची, आणि त्यात एकदा जरी पास झाली तरी विषय संपला, हा नियम मी आणला. त्याबद्दल मिटिंगमध्ये कौतुकही करून घेतलं.

टेस्ट म्हणजे मोठं सॉफ्टवेअर नीट चालतं का, हे तपासणारा छोटा प्रोग्राम. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यात नंबर लावण्याचं, आणि त्याच्या अशा हजारो टेस्ट. त्यातल्या काही आज पास, उद्या नापास, परवा पुन्हा पास. मधे कोणी कोडला हातही लावलेला नसतो. पुण्याच्या ऑफिसातली मंडळी त्यांना फ्लेकी म्हणत, मी लहरी म्हणायचो. आमच्या टीममधल्या मेश्रामभाऊंसमोर मात्र तसं म्हणायची सोय नव्हती.

"लहरी कोणी नसते, बावा. कारण असते. आपल्याले दिसत नाही, एवढंच."

भाऊ पवनीला घरून काम करतात, मी आंधळगावातून. मिटिंगला त्यांच्या खांद्यावर दुपट्टा असतो. टेस्ट पडली की त्यांचा आवाज एकदम खाली येतो, बाजूच्या खोलीत कोणी झोपलं असावं तसा. मग चौकशी सुरू. कोणत्या मशीनवर पडली? तिच्या आधी कोणती चालली? लाईट गेलती का? पुण्याच्या मॅनेजर बाईंना त्यांनी एकदा विचारलं, "ते पडली तवा तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

"जेवत होते," बाई म्हणाल्या.

"बरं," भाऊ म्हणाले आणि खरोखरच त्यावर विचार करत बसले.

एक टेस्ट फक्त मंगळवारी पडायची. सगळ्यांनी तिची टर उडवली, एकानं तर तिला उपास धरायला सांगितलं. भाऊ हसले नाहीत. शेवटी निघालं ते असं, की दुसऱ्या टीमचा साफसफाईचा प्रोग्राम मंगळवारीच त्या मशीनवर चालायचा आणि हिची फाईल कचरा समजून उचलून न्यायचा. भाऊंना इतका आनंद झाला, जसं काही कोणाच्या पोरीवरचा आळ गेला.

माझा नियम आला तेव्हा ते मला फोनवर एवढंच म्हणाले, "तुनं तिले पास नाही केलं. तिचं तोंड दाबलं."

मी म्हटलं, "भाऊ, दुनिया पुढं चालली."

दुनिया पुढं गेली ती थेट एका दातांच्या दवाखान्यात. दोन गृहस्थ एकच वेळ, एकच खुर्ची आणि एकच नंबर घेऊन हजर झाले. एक खुर्चीत बसला. दुसऱ्यानं हक्क सोडायचा नाही म्हणून डॉक्टरचं स्टूल धरलं. डॉक्टर उभे. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर काय होतं, हे तपासणारी टेस्ट आमच्याकडं होती. ती अधूनमधून पडतही होती. आणि माझ्या नियमानं दर वेळी पास होत होती.

मॅनेजर बाईंनी मला पवनीला जाऊन, दुरुस्ती होईपर्यंत भाऊंसोबत बसायला सांगितलं. माझ्यावर एकट्यावर सोडायची त्यांची हिंमत नव्हती.

गाडी लावून आत गेलो. खिडकीजवळच्या बाजेवर भाऊंच्या आई बसल्या होत्या, चष्मा घालून, नीट केस विंचरलेल्या. मला पाहून त्या भाऊंना म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याकडं पाव्हणे आले."

मी मास्तर कुठं दिसतात ते पाहू लागलो.

"मीच तो," भाऊ लॅपटॉप उघडत म्हणाले. "काल बंडू होतो. घरी मले बंडू म्हणते."

भाऊ नेहमीच्या खालच्या आवाजात बोलत राहिले.

"चष्मा कालचाच. चाय झाली. उजेड तोच, खाट तिथंच. मी अंगरखाबी तोच घातला. तरी आज मास्तर." मग थांबून म्हणाले, "कारण असन काही. सापडन."

"मी कोण म्हणून दिवसातून कितीक खेपा इचारता तुम्ही त्यायले?"

"सकाळी एकदा."

"मंग पुन्हा काहून नाही इचारत?"

भाऊंनी दुपट्ट्यानं स्क्रीन पुसली. ती स्वच्छच होती.

"पुन्हाबी नाहीच म्हणाली त?"

यावर शहाण्या माणसानं टेस्टचा विषय काढला असता. मी खुर्ची सरकवून मावशींसमोर गेलो.

"मावशी, हे कोण होय?"

"मास्तर."

"नीट पाहा बरं. कोण होय?"

"मास्तर म्हणलं ना."

"राहू दे बावा," भाऊ म्हणाले. पण त्यांची बोटं कीबोर्डवर नुसतीच ठेवलेली होती, आणि ते आईकडं पाहत नव्हते.

मला थांबायचं कळत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. मी तिसऱ्यांदा विचारलं, तेही जरा मोठ्यानं.

मावशींनी चष्मा वर सारला. मला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश पाहून घेतलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहत म्हणाल्या,

"बंडू, हा पोट्टा डोक्यानं कमी आहे का रे?"