घंटेला स्टॅच्यू

बाळांनो, डोळे मिटा आणि अशी शाळा डोळ्यांसमोर आणा, जिथे घंटेशिवाय पान हलत नाही. घंटा वाजवतो संगणक, आणि संगणक सांभाळतात आपल्या गोष्टीतले बाबा, म्हणजे तिथले संगणकाचे सर. त्यांची लेक तिथेच पाचवीत.

घंटा वाजायची ती दाताच्या डॉक्टरच्या यंत्रासारखी! बाबांनी ठरवलं, तिथे बासरी आणायची. घंटेचा प्रोग्रॅम खुला होता, म्हणजे कोणीही आत डोकावावं, हवा तसा बदलावा.

"चुटकीसरशी करतो!" सकाळी ते लेकीला म्हणाले. "लाइव्ह डीबगर म्हणजे आपला स्टॅच्यूचा खेळ. चालत्या प्रोग्रॅमला म्हणायचं 'स्टॅच्यू', त्याचे खिसे तपासायचे, हवं ते बदलायचं आणि म्हणायचं 'ओव्हर'!"

"बाबा, चौथ्या तासाला आमची रिले शर्यतीची निवड आहे हं. घोळ घालू नका."

"मी? घोळ?"

तिसरा तास बाबांना मोकळा होता. आवाज ठरवणाऱ्या ओळीवर त्यांनी थांबण्याची खूण केली. ती ओळ घंटेच्या वेळीच चालते. "घंटा झाली की येतो बघायला," असं स्वतःशीच म्हणत ते शिक्षकांच्या खोलीत चहाला गेले.

पण खूण होती घंटा वाजण्याच्या एक ओळ आधी! वेळ झाली, प्रोग्रॅम तिथवर आला आणि पुतळ्यासारखा थिजला.

पाचवीत गणिताच्या बाईंनी फळा दुसऱ्यांदा भरला. "घंटा झाली का? नाही ना? मग आणखी एक भागाकार!"

इकडे शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर म्हणाले, "आज तास लांबलाय का हो? घड्याळात बघा, वीस मिनिटं जास्त झाली."

"घड्याळ पुढे गेलंय!" बाबा खुर्चीवर चढले. "माझी घंटा चुकत नाही." आणि त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून काटे मागे फिरवायला घेतले!

लेकीला सकाळचा 'स्टॅच्यू' आठवला. रिलेची निवड गेली की वर्ष गेलं. "बाई, पाणी पिऊन येऊ?" असं विचारून ती थेट संगणकाच्या खोलीत पोचली. पडद्यावर एक ओळ पिवळी होऊन ताटकळत होती.

"अरेरे, बिचारा!" ती म्हणाली. "ओव्हर!" आणि तिने 'पुढे चला'चं बटण दाबलं.

दाताचं यंत्र किंचाळलं! इतका गोड आवाज शाळेने कधी ऐकला नव्हता. वर्गच्या वर्ग बाहेर सांडले.

खुर्चीवरून बाबा गरजले, "बघा! म्हटलं नव्हतं, घंटा चुकत नाही?"

मैदानाकडे धावता धावता लेकीने दारातून डोकं आत घातलं. "बाबा, स्टॅच्यू!"

खेळ म्हणजे खेळ. हातात घड्याळ, तोंड उघडं, बाबा खुर्चीवर जागच्या जागी थिजले.

लेक परतली ती संघात निवडली जाऊनच. आधी पोटभर पाणी प्यायली, मग सावकाश बुटाची नाडी बांधली आणि मग कुठे म्हणाली, "ओव्हर!"