क्रोशाच्या रुमालावरचं इंजिन

सासऱ्यांच्या गाडीला हात लावायचा नाही, हे मला लग्नाच्या आधीच सांगण्यात आलं होतं. लग्नाचं बोलणं त्यानंतर झालं. आमचे सासरे तिहोमिर त्या निळ्या गाडीला घरातली थोरली लेक मानतात. मी धाकटीचा नवरा, आणि त्यातून घरजावई. आमच्या चाचाकसारख्या गावात घरजावयाला लोक वाटेत थांबून नमस्कार करतात, पण तो बायकोला असतो.

नोव्हेंबर संपता संपता सासरे गुडघ्याच्या उपचारांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेले. जाताना त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, पण सोडली नाही. एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.

"स्रेदोये, अधूनमधून सुरू करत जा, नाहीतर थंडीत बॅटरी बसेल. स्लावाच्या दिवशी सकाळी मला न्यायला ये. याउपर तिला काही करायचं नाही."

मी हो म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी किल्ली सोडली.

स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. सासऱ्यांच्या कुळाचा संत निकोला, म्हणजे ऐन डिसेंबर, उपासाचे दिवस, मासे आणि भाजलेल्या घेवड्याचं जेवण. आमंत्रण कुणालाच नसतं आणि येतात मात्र सगळे. पाद्रीबाबा येतात, घरच्या कर्त्याबरोबर सणाचा पाव हातात धरून फिरवतात आणि कापतात. त्या दिवशी गावातल्या निम्म्या घरांत तोच सण, त्यामुळे पाद्रीबाबांची वेळ म्हणजे वेळ. कर्ता घरात नसेल तर पाव कापायचा कुणी, जावयाने? (हे सासूबाई एकदा सहज बोलून गेल्या होत्या आणि लगेच त्यांनी छातीवर क्रूस काढला होता.) थोडक्यात, सासऱ्यांना वेळेत घरी आणणं हे त्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम, आणि ते माझ्याकडे होतं.

आणि नेमकी तेव्हाच गाडी खुळखुळायला लागली.

सकाळी सुरू केली की इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. शेजारचे ब्लागोयेकाका कुंपणावरून आले. हे निवृत्त बस ड्रायव्हर. जन्मभर बस चालवली, पण तिचं झाकण कधी उघडलं नाही. त्यांनी आमच्याच स्वयंपाकघरातला लाकडी चमचा मागून घेतला, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले.

"साखळी," ते म्हणाले. "पट्ट्या गेल्या तिच्या."

इंजिनाच्या पोटात एक साखळी असते. ती खालच्या चाकाची गती वरच्या चाकांना देते, आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या आधाराने फिरते. पट्ट्या झिजल्या की साखळी सैल पडते. सैल पडून एखादा दात सुटला की झडपा पिस्टनवर आपटतात आणि पाच मिनिटांपूर्वीच्या इंजिनाचं भंगार होतं. हे सगळं मला काकांनीच ऐकवलं, अगदी चवीने, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला दिसायचं ते एकच: स्लावाची सकाळ, भर रस्त्यात बंद पडलेली गाडी, शेजारच्या सीटवर सासरे, आणि घरी घड्याळाकडे बघत उभे पाद्रीबाबा.

गावातल्या मिस्त्रीला नव्या वर्षापर्यंत सवड नव्हती. तेव्हा मी ठरवलं, की नुसत्या पट्ट्या तर आणून ठेवू. आणून ठेवल्या. मग ठरवलं, की वरचं झाकण तर उघडून बघू. (मी जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून आहे. तिथे आम्ही कपाट उघडलं तरी पुढच्या महिन्यात बंद करतो.)

"बाबांना विचारलंस?" माझी बायको वेरित्सा म्हणाली.

"त्यांना सरप्राइज देणार आहे."

"अरे, त्यांना की तुला?"

मी पाना उचलला. हातात पाना असलेल्या माणसाने फार बोलू नये.

पुढे काय काय काढलं ते विचारू नका. पट्टे काढले, पंखा काढला, समोरचं मोठं झाकण काढलं. काका खुर्ची, घरच्या राकिया दारूची बाटली आणि दोन पेले घेऊन बाजूला बसले होते आणि मी प्रत्येक बोल्ट काढला की "जपून" म्हणत होते. जपून काय ते त्यांनाही माहीत नव्हतं. साखळी दिसली तसा मी पाना खाली ठेवला. ही परत बसवताना एक दात जरी इकडचा तिकडे झाला तर संपलंच. आमच्या कचेरीत नकाशावरची रेघ जरा सरकली तर दोन भाऊ जन्मभर एकमेकांशी बोलत नाहीत. इथे तर सासरे होते.

म्हणून मी वेरित्साचं लाल नेलपॉलिश आणलं आणि खुणा केल्या. चाकाच्या या दातावर ठिपका, साखळीच्या या कडीवर ठिपका, म्हणजे परत बसवताना लालला लाल जुळवायचं. शिवाय फोटोही काढला. (फोटो नंतर पाहिला. त्यात माझा अंगठा फार स्पष्ट आला आहे.) मग साखळी आणि वरची चाकं उतरवली. जुन्या पट्ट्या आता पट्ट्या उरल्याच नव्हत्या, नुसते तपकिरी तुकडे होते. ते चिमट्याने एकेक वेचून, वर्तमानपत्रावर जुळवून, सगळे बाहेर आल्याची खात्री केली. एवढं काम मी आयुष्यात कधी नीट केलं नव्हतं.

गाडी होती त्या शेडमध्ये पाणी गोठत होतं, म्हणून सुटे भाग मी मागच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडले. दुसऱ्या दिवशी स्लावाची पूर्वसंध्या. संताच्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो, त्यामुळे आदल्या दिवशीच उजेड असेतो गाडी जोडून व्हायला हवी होती. सकाळी पाहिलं तर झाकणाखालची रबरी पट्टी फाटलेली. ती आणायला मी सायकल मारत दुकानात गेलो आणि रांगेत उभा राहिलो.

परत आलो तेव्हा घरात स्लावाची साफसफाई ऐन भरात होती. आमच्या सासूबाई, ग्रोझदाना, वर्षभर सौम्य असतात. पण स्लावाच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातात घासणी आली की घरातल्या मांजरीसुद्धा छपरावर जाऊन बसतात. सतरंज्या कुंपणावर, पडदे बादलीत, खिडक्यांच्या काचा नसल्यासारख्या. मी मागच्या खोलीत गेलो आणि दारातच थांबलो.

टेबलावर पांढरा शुभ्र क्रोशाचा रुमाल अंथरला होता. त्यावर माझी चाकं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेली. साखळी मधोमध गोल गुंडाळून ठेवलेली. सगळं चांदीच्या भांड्यांसारखं लखलखत होतं, आणि लाल ठिपका एकही नव्हता.

"आई," मी म्हटलं. "यांच्यावर लाल ठिपके होते."

"होते रे बाबा, आणि कसले चिवट. सोड्याने जाईनात, तारेच्या घासणीने जाईनात. शेवटी वेरित्सानं तिचं ते रिमूव्हर दिलं तेव्हा कुठे निघाले."

मी वेरित्साकडे पाहिलं. "तू दिलंस?"

"नेलपॉलिश माझंच होतं," ती म्हणाली. "मला वाटलं तू सांडलंस. तू सांडतोसच."

"उद्या पाद्रीबाबा खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडत फिरणार," सासूबाई म्हणाल्या. "ते काय तुझ्या तेलकट लोखंडावर शिंपडतील? आता बघ कसं दिसतंय. बाहेरच्या खोलीत मांडलं तरी चालेल."

मी खाली बसलो. आता कुठला दात कुठल्या कडीशी होता हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. चुकलं तर किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन खलास. सासरे तिथे अडकून पडणार, पाव कापला जाणार नाही, आणि तिहोमिरच्या घरजावयाने स्लावा बुडवली हे गाव माझ्या नातवंडांनासुद्धा सांगत राहणार. खरं सांगतो, मी त्या क्षणी माझ्या आईकडे पळून जायचा विचार केला. पण तिच्या गावाला जायलाही गाडीच लागते.

काका दारात येऊन रुमाल निरखत होते. "अंदाजाने बसव," ते म्हणाले. "मी एवढी वर्षं बस अंदाजानेच चालवली."

"काका, म्हणूनच गावात एकही भिंत सरळ नाही," वेरित्सा म्हणाली.

काही सुचेना म्हणून मी एक चाक उचललं आणि खिडकीशी नेऊन नुसतं फिरवत बसलो. आणि मला एक बारीक ठिपका दिसला. रंगाचा नव्हता, धातूतच कोरलेला. दुसरं चाक घेतलं, त्यावरही तसाच. साखळी उलगडली तर तिच्या काही कड्या बाकीच्यांपेक्षा पिवळ्या. म्हणजे कारखान्यानेच खुणा करून ठेवल्या होत्या. त्या जन्मभराच्या काळ्या तेलाखाली दडलेल्या होत्या, आणि मी शहाणा त्या काळ्या तेलावर नेलपॉलिश लावत बसलो होतो. शेडमध्ये धावत जाऊन खालचं चाक चिंधीने पुसलं. तिथेही ठिपका होता.

मग मी कामाला लागलो. नव्या पट्ट्या बसवल्या, पिवळी कडी ठिपक्याला लावली, वर, खाली, पुन्हा वर. (साखळी परत तेलात बुडवताना सासूबाईंनी पाहिलं आणि "आत्ताच तर घासली होती" म्हणून कपाळावर हात मारला.) सगळं जोडून झाल्यावर पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहायचं असतं. कुठे अडलं तर झडप पिस्टनला लागते आहे असं समजायचं. मी फिरवत होतो आणि माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. अडलं नाही. दुसरी फेरी घेतली, तीही मोकळी.

अंधारायच्या आत मी किल्ली फिरवली. इंजिन एकदा कुरकुरलं, आणि सुरू झालं. खुळखुळ नाही, काही नाही, नुसती मऊ घरघर. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. काकांनी स्वतःच्या हाताने माझा पेला भरला आणि सासऱ्यांना सणाच्या शुभेच्छा द्यायला फोन करतो म्हणून घरी गेले. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकाळी मी कोट घालून निघालो. रस्त्यावर दव गोठलेलं, गाडी लोण्यासारखी चालली होती, आणि मी वाटेत चक्क गुणगुणत होतो. मध्ये फोन वाजला. पडद्यावर "बाबा". उशीर का, म्हणून झापणार, दुसरं काय. मी फोन घेतला नाही. आवाज नसलेली गाडी पाहिली की विरघळतील, असं मनाला समजावलं. पुन्हा वाजला, तेव्हा बंदच करून टाकला.

उपचारकेंद्राच्या दारातल्या बाई माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होत्या.

"तिहोमिर? ते तर पहिल्या बसने गेले. काल शेजाऱ्याचा फोन आला आणि रात्रभर येरझारा घालत होते. गाडी क्रोशाच्या रुमालावर मांडून ठेवली आहे म्हणत होते. आम्हाला वाटलं, औषधाचा परिणाम."

मी उलटा फिरलो. कितीही दामटली तरी घरी पोचलो तेव्हा पाव कापून झाला होता, पाद्रीबाबा पुढच्या घरी गेले होते आणि अंगणापर्यंत पाहुणे उभे होते. सगळ्यांनी मला वाट करून दिली. काठी टेकत सासरे बाहेर आले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीपाशी गेले, टपावर हात ठेवला आणि मला खूण केली की सुरू कर.

मी सुरू केली. ते ऐकत राहिले. पाहुणेही पेले धरून कान देऊन उभे.

"आवाज कुठे गेला?" शेवटी ते म्हणाले.

मी तोंड उघडलं, पण सासूबाई पुढे झाल्या. "घाण होती नुसती. मी धुऊन काढली सगळी."

"सोडा लावून," ब्लागोयेकाका साक्षीदारासारखे म्हणाले. "मी स्वतः पाहिलं. आदल्या दिवशी खुळखुळ, हिने धुतलं, खुळखुळ बंद."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. सगळ्यांसमोर त्यांनी सासूबाईंचे आमच्या रीतीप्रमाणे तीन मुके घेतले. मग ते माझ्याकडे वळले.

"आणि तू रे? घरचा सण, दारात पाहुणे, आणि तू माझी गाडी घेऊन कुठे हुंदडत होतास?"

वेरित्सा पाठीमागून हळूच म्हणाली, "आत चल, घेवडा गार होतोय." मी आत गेलो.

त्यानंतर गावात बातमी पसरली. आता रविवारी चर्च सुटलं की लोक आमच्याकडे येतात. कुणी कार्ब्युरेटर आणतो, कुणी ट्रॅक्टरचा पंप, आणि सासूबाई बाह्या सरसावून घासतात. गरम पाण्याच्या बादल्या मी आणून देतो. परवा एका पंपाचा बोल्ट सैल दिसला म्हणून मी सहज हात पुढे केला, तर सासूबाईंनी मला बाजूला घेऊन मायेनं समजावलं, "तू नुसतं पाणी आणत जा, राजा. इंजिनातलं तुला काय कळतंय?"