बुधवारचा गुप्त उपास

उपास करावा तर शमिकानं! हे शमिकाचं स्वतःचंच मत होतं, पण त्याला आधार होता. तिचे आजोबा नगर जिल्ह्यात बैलगाडीनं गावोगाव फिरून येशूचं शुभवर्तमान सांगायचे. ते उपास करायचे तेव्हा गाडीच्या बैलांनासुद्धा पत्ता लागायचा नाही, असं माहेरी अजूनही अभिमानानं सांगतात.

"उद्या माझा उपास," मंगळवारी संध्याकाळी तिनं नवऱ्याला जाहीर केलं. "सूर्य मावळेपर्यंत फक्त पाणी. आणि कोणाला म्हणजे कोणाला कळता कामा नये!"

"इंदूरमध्ये?" अनीशनं विचारलं.

"का? इंदूरमध्ये देव नाही?"

"देव आहे गं. पण अंबिकाकाकूही आहेत."

अंबिकाकाकू म्हणजे खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई. त्यांचे यजमान शंकररावकाका बँकेतून निवृत्त झालेले, मुलं परदेशात, त्यामुळे काकूंच्या हातचं खायला राजेंद्र नगरात माणसं कमी पडत. ती कमतरता त्या वर राहणाऱ्या शमिका-अनीशच्या साळवे कुटुंबावर भरून काढत. आणि शहरही त्यांना साथ देणारंच! जिथं डोळे उघडताच देवाआधी पोह्यांची आठवण येते, तिथं न खाता राहणं म्हणजे लग्नात जाऊन नवरानवरीला न दिसता परत येण्यासारखं.

पण शमिकाला हा उपास करायचाच होता. अनीशच्या कंपनीनं त्याला वर्षापूर्वी इंदूरला धाडलं, तेव्हापासून ती 'बदली' हा शब्द उच्चारू देत नसे. "आपली बदली नाही झाली. आपल्याला पाठवलंय!" ती म्हणे. "हो, कंपनीनं," अनीश म्हणे. नगरला ती मिशन कंपाउंडमध्ये वाढली. भिंतीपलीकडे तीच गाणी, तीच घंटा. इथे भाषा म्हणायला मराठी, पण गच्चीला छत म्हणणारी, आणि अख्ख्या गल्लीत प्रभूचं नाव घेणारं घर एकच. रविवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये केरळची एक नर्स, नागालँडचे दोन विद्यार्थी आणि रेल्वेतलं एक कुटुंब जमायचं. झाली मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च!

या मंडळीला ईस्टरच्या पहाटे उघड्यावर, सूर्य वर येताना गाणी म्हणायची होती. नगरला म्हणतात तशी. त्यासाठी हवी होती गच्ची. गच्ची काकांची, आणि सध्या तिच्यावर काकूंच्या कुरडया आणि बटाट्याचे चिप्स वाळत पसरलेले. विचारायचं कसं? पहाटे पाचला गाणी, तीही आपली! आधीच्या घरमालकांनी पहिल्याच प्रार्थनेनंतर गोड बोलून घर रिकामं करून घेतलं होतं. त्यांची लेक रूथ तेव्हा पाळण्यात होती. तो पाळणा टेम्पोत चढवताना शमिकाला जे रडू आलं होतं, ते पुन्हा नको होतं.

म्हणून ठरलं. बुधवारी दिवसभर उपास, प्रार्थना, आणि संध्याकाळी काकांना विचारायचं.

बुधवारी सकाळी तिनं शास्त्रात, म्हणजे बायबलात, सांगितलंय तसं सगळं केलं. उपास करणाऱ्यानं तोंड उतरवून हिंडायचं नाही, डोक्याला तेल लावायचं, तोंड धुवायचं, म्हणजे लोकांना कळत नाही. शमिकानं तेल लावलं. जरा जास्तच लावलं. काजळ घातलं, ठेवणीतला पंजाबी ड्रेस घातला. अनीशला म्हणाली, "आज डबा नाही, बाहेर खा." रूथसाठी छोट्या पातेल्यात मऊ भात टाकला, आणि ती निवांत झाली.

"शमिका! बेटाऽ! पोहे!"

काकू जिना चढून दारात हजर! हातात बशी. वर शेव, जीरावन मसाला, कडेला जिलबी.

आता पंचाईत बघा. शमिकाला उपास सांगायचा नव्हता. पण उपासाच्या दिवशी खोटं बोलायचं म्हणजे तर उपासच बाटला!

"ठेवा ना काकू," ती म्हणाली. हे खरं होतं.

"ठेवा नाही, खा! ठंडे होऊन जातील."

"आत्ता नको."

"जेवली तू काही?"

"...नाही."

"मग?"

"मन नाही, काकू."

काकूंनी बशी ओट्यावर ठेवली. तिच्या तेलानं चपचपीत डोक्याकडे पाहिलं. काजळाकडे पाहिलं. मग गॅसकडे.

"आज तुझ्या कुकरची सीटी नाही वाजली."

"आमच्यापुरता नाही केला स्वयंपाक."

"का गं?"

"ते... नाही सांगता येणार."

"अनीशला मालूम आहे?"

"आहे ना. त्याला सगळं माहीत आहे."

"अस्सं!" काकू म्हणाल्या. आणि त्या 'अस्सं'मध्ये अनीशचा निकाल लागलेला होता.

काकू खाली न जाता थेट शेजारच्या बेबीताईंकडे गेल्या. बेबीताई नावाला बेबी, वयानं सत्तरीच्या. भजनी मंडळाच्या अध्यक्ष, आणि गल्लीतल्या यच्चावत संसारांच्या डॉक्टर.

"तेल थापलंय म्हणते तू? काजळ?" बेबीताईंनी निदान केलं. "रात्रभर रडली असेल! ते छुपवायला केलं सगळं. चल, बघू."

इकडे शमिका रूथला भात भरवून, झोपवून गुडघ्यांवर बसली होती. ओट्यावरच्या जिलबीनं तिच्याकडे एकटक पाहायला सुरुवात केली होती, म्हणून तिनं डोळे गच्च मिटले, आणि नगरच्या सवयीनं मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. मिशन कंपाउंडमध्ये मनातल्या मनात प्रार्थना करणं म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटणं समजतात!

जिन्यावर दोघी थबकल्या.

"प्रभू, त्यांचं मन मऊ कर!" आतून आवाज आला. "किती दिवस मी घाबरत राहू? समोर गेलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही! आज संध्याकाळी मी बोलणारच. त्यांनी नाही म्हटलं, घराबाहेर काढलं, तर या लेकराला घेऊन आम्ही कुठं जायचं?"

काकूंनी पदर तोंडात कोंबला. बेबीताईंनी कठड्याला धरलं.

"घराबाहेर काढतो?" बेबीताई कुजबुजल्या. "तो अनीश? तो तर गाईच्या पण बाजूनं सॉरी म्हणून जातो!"

"तसलेच असतात गं," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

अर्ध्या तासात अनीशच्या फोनवर शंकररावकाकांचा आवाज कडाडला. "भिया, तू तत्काळ घरी ये. फोनवर सांगण्यासारखी बात नाही!"

अनीशच्या मनात रूथ गॅलरीतून पडली, शमिका चक्कर येऊन पडली, घर पडलं, सगळं पडून गेलं. रस्त्यातल्या प्रत्येक सिग्नलवर प्रार्थना करत तो घरी आला, तर खालच्या हॉलमध्ये कोर्ट भरलेलं! काका खुर्चीवर, दोन्ही बाजूंना काकू आणि बेबीताई. जागी झाल्यावर काकूंनी खाली खेळायला आणलेली रूथ त्यांच्या मांडीवर, हातात राजगिऱ्याचा लाडू. म्हणजे रूथ ठीक आहे.

"बस," काका म्हणाले. "तुला मालूम आहे, तुझी बायको सकाळपासून उपाशी आहे?"

अनीशनं सुटकेचा श्वास सोडला. "हो काका."

त्या श्वासानं त्याचं फार नुकसान केलं.

"कारण मालूम आहे?"

"हो. पण मी सांगू शकत नाही. शब्द दिलाय तिला."

"तिच्याकडून शब्द घेऊन ठेवलाय म्हण!" बेबीताई म्हणाल्या. "आणि तू? तू खाल्लं काही?"

अनीशही खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. "हो... ऑफिसखाली. कचोरी."

"कचोरी!" काकूंनी कपाळावर हात मारला.

"एक?" बेबीताईंनी उलटतपासणी घेतली.

"...दोन. आणि शिकंजी."

"बायको उपाशी, आणि हा शिकंजी पितो!" काका उभेच राहिले. "अरे, आमच्या खानदानात होळकरांच्या दरबारात नोकऱ्या झाल्या, पण बायकोला भुकं ठेवून कोणी शिकंजी नाही प्यायलं!"

आवाजानं शमिका धावत खाली आली. समोर मान खाली घातलेला नवरा बघून तिचा धीर सुटला.

"त्याला नका बोलू! माझा उपास आहे! उपास!"

मग काकूंच्या चेहऱ्यावर असा काही आनंद उगवला, की विचारू नका.

"उपास? अगं वेडे, मग सकाळीच सांगायचं ना! बुधवार आहे, तुमच्यात पण गणपतीचाच असतो का? बस, बस! साबुदाणा भिजलेलाच आहे. बेबी, तुझ्याकडे मोरधन आहे?"

"मोरधन आहे, शिंगाड्याचा शिरा आहे, आलू चिवडा आहे!" भगरीला मोरधन म्हणणाऱ्या बेबीताई चपला शोधू लागल्या.

"काकू, ऐका तरी! आमच्या उपासाला काहीच चालत नाही."

"साबुदाणा चालतो गं. सगळ्यांनाच चालतो."

"नाही चालत."

"फळं?"

"नाही."

"चाय?"

"नाही. फक्त पाणी."

बेबीताई चप्पल हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "मग त्याला उपास कसं म्हणायचं? आमचा उपास असला की दोन किलो वजन वाढतं! तुझी तर ही भूक हडताल झाली!"

शंकररावकाका तीस वर्षं बँकेच्या युनियनमध्ये होते. 'हडताल' शब्द कानावर पडताच ते ताठ बसले, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "मागणी काय आहे?"

झालं! सकाळपासूनची भूक, नवऱ्याची फजिती, समोर साक्षात काका विचारतायत! शमिका एका दमात बोलून गेली, "गच्ची! रविवारी पहाटे! प्रार्थनेला!"

काकांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, अनीशकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे ही हडताल माझ्याविरुद्ध?" ते म्हणाले. "माझ्याच घरात, माझ्या डोक्यावर बसून? मी इतका बुरा माणूस वाटलो तुला, बेटा?"

आजोबांच्या बैलांनाही जे कळायचं नाही, ते अख्ख्या हॉलला कळलं होतं, आणि वर या माणसाचं मन दुखावलं होतं, ज्यानं रूथ आजारी असताना पावसात रिक्षा शोधून आणली होती.

"नाही हो काका!" ती रडवेली झाली. "तुमच्याविरुद्ध नाही. मी देवाला मागत होते. तुम्ही हो म्हणावं म्हणून. मला भीती वाटत होती. आधीच्या घरातून आम्हाला..."

काकूंनी काकांकडे पाहिलं. ते पाहणं काकांनी चाळीस वर्षं पाहिलं असावं, कारण ते लगेच खाकरले.

"सकाळपासून देवाला विचारतेस?"

"हो."

"अन्नपाणी सोडून?"

"पाणी नाही सोडलं."

"अगं बेटा, एकदा मला विचारून तर बघायचं!" काकांनी हात पसरले. "मी तर खालीच राहतो!"

अनीशला आधी हसू फुटलं. मग बेबीताईंना. मग शमिकालाही, डोळे पुसता पुसता. रूथला काही कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या, आणि कोणाला कळायच्या आत राजगिऱ्याच्या लाडवाचा चिकट, अर्धा चोखलेला तुकडा आईच्या उघड्या तोंडात कोंबला.

शमिकाची पुन्हा पंचाईत! गिळावं की थुंकावं? बाहेर ऊन लख्ख होतं. सूर्य मावळायला चांगला अवकाश होता. समोर लेकरू तोंडाकडे टक लावून बघत होतं, "मम?" म्हणून विचारत होतं.

तिनं गिळला.

"छत मिळेल," काका म्हणाले. "शर्त एक."

"माझ्या कुरडयांवर पाय नाही पडला पाहिजे," काकूंनी शर्त सांगितली.

ईस्टरच्या पहाटे मंडळी कुरडयांच्या मधून सर्कशीतल्यासारखी पावलं टाकत गच्चीवर जमली. नर्स ड्यूटीवरून थेट आली होती, विद्यार्थ्यांनी गिटार आणली होती. गल्लीला त्रास नको म्हणून सगळे इतकं हळू गात होते, की गिटारलाच लाज वाटत होती. तेवढ्यात खालून काकांची हाक आली, "भिया, जरा जोरात! इकडे काहीच ऐकू नाही येत!"

मग मात्र गाणं सुटलं. समोरच्या घरांमागून लाल गोळा वर आला, रूथनं त्याला बोट दाखवून "बॉल!" म्हटलं, आणि शमिकाला नगर आठवलं नाही. पहिल्यांदाच आठवलं नाही. 'आमेन' होतं न होतं तोच जिन्यातून पोह्यांचं पातेलं आलं. मागोमाग काका, काकू, बेबीताई आणि अर्धी गल्ली! "प्रार्थना त्यांची, नाश्ता आपला" असं बेबीताईंनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

पोहे खाता खाता बेबीताईंनी शमिकाला कोपऱ्यात घेतलं.

"एक विचारू का? मी सोळा सोमवार केले, तर सून सातव्या वर्षी आली. तू बुधवारी सकाळी बसलीस आणि दुपारी छत घेतलंस! माझ्या नळाला नर्मदेचं पाणी फार कमी येतं गं. करते का एक बुधवार?"

शमिका हसली. तिला वाटलं, गंमत आहे. पण सोमवारी कोपऱ्यावरचे शर्माजी मुलाच्या नोकरीसाठी एक बुधवार करायला सांगून गेले. मंगळवारी समोरच्या बाई भाडेकरू निघत नाही म्हणून आल्या. "तुम्हारा वाला व्रत जल्दी लगता है ना, बेटा!" ती सगळ्यांना समजावून सांगे, की हे असं नसतं, देव काही नगरपालिका नाही. सगळे ऐकून घेत, मान डोलवत, आणि विचारत, "तो फिर इस बुधवार को?"

त्या सगळ्यांसाठी ती प्रार्थना करते. अगदी नळासाठीसुद्धा, मनापासून. पण मनातल्या मनात!

आणि उपास लपवण्यासाठी डोक्याला तेल थापणारी शमिका आता दर बुधवारी सकाळी रूथला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहते, आणि अख्ख्या गल्लीला नीट दिसेल अशी बशी धरून पोहे खाते. वर शेव, जीरावन, आणि कडेला जिलबी.