एकादशीची साबुदाण्याची खिचडी

मयुरी गच्चीवर गेली. तिने गोळे वाळत घातलेली स्टीलची ताटली रिकामी होती.

धुळ्याच्या फार्मसी कॉलेजात ती एम.फार्म. करत होती. केळीचं स्टार्च आणि समुद्री शेवाळाचा डिंक यांत पॅरासिटामॉल कोंडून तिने मण्यांसारखे पांढरे गोळे केले होते. पोटात गेल्यावर बारा तास हळूहळू औषध सोडणारे. कॉलेजातली वाळवणी भट्टी बिघडली, म्हणून तिने ते घरी आणले. सोमवारी परीक्षक येणार होते.

"आई, ताटलीतलं काय झालं?"

"साबुदाणा कमी पडना, तो बी टाकी दिना," सासूबाई, बेबाबाई, शांतपणे म्हणाल्या. "भजनवाल्यासनी बठ्ठी खिचडी संपाडी. मन्हा वाट्याले केळंच ऱ्हायनं."

मयुरीने बोटांवर हिशेब केला. सहा बायका, माणशी दीड गोळीचं औषध. तिने आपले मार्गदर्शक प्रेमराज सर यांना फोन लावला.

"त्यांच्यात कोणी दारू घेतं का? यकृताचा त्रास?"

"सर, भजनी मंडळ आहे!"

सरांनी डॉक्टरांना विचारलं आणि उलट फोन केला. घाबरण्यासारखं काही नाही. पण आज बारा तास दुसरी गोळी कोणी घ्यायची नाही, आणि तू तिथून हलू नकोस.

मयुरीने ओसरीत जाऊन भजनाला बसलेल्या बायकांना सगळं खरं सांगून टाकलं. टाळ थांबले. ताईबाई पुढे सरकल्या.

"औषधनं जाऊ दे. उपास मोडना का?"

"केळीचं पीठ आहे त्यात."

"केळं चालस. आनि?"

"समुद्रातलं शेवाळ."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी रत्नाकाकू म्हणाल्या, "शेवाळ म्हंजे पालाच. चालस."

टाळ पुन्हा सुरू झाले. एरवी तासाभरात कोणाची कंबर धरायची, कोणाचे गुडघे. आज कोणी उठायचं नावच घेईना. मयुरी दर तासाला प्रत्येकीची विचारपूस करून वहीत लिहीत होती, चहा करत होती. सहा वाजता सरांचा फोन आला.

"काय परिस्थिती?"

"औषध अजून सुटतंय, सर. ऐका."

मयुरीने फोन ओसरीकडे धरला. टाळ अजूनही जोरात वाजत होते.

तेवढ्यात बेबाबाई कपाळाला पदर गच्च बांधून स्वयंपाकघरात आल्या आणि धपकन पाटावर बसल्या.

"मयुरी, डोकं फुटी ऱ्हायनं वं मन्हं. माले बी दे एक गोळी. पन तुन्हं ते धीरे धीरेवालं नको, पटकन उतरनारी दे!"