हुकला तरी एक

शनिवारी सकाळचे दहा वाजले की काशादादाची गिरणी बंद. दारात कोणाचं दळण आहे, किती आहे, घरी पाहुणे येऊन बसलेत का, असल्या किरकोळ गोष्टींशी त्याला देणंघेणं नसे. एकदा सरपंचांच्या मुलीच्या साखरपुड्याचे तांदूळ निम्मे दळून झाले होते आणि निम्मे गोणीत होते. काशादादाने मोटरचा खटका पाडला, अंगावरचं पीठ झटकलं, फळीवरचा छोटा टीव्ही लावला आणि जाहीर केलं, "आता दुपारी या. ऑस्ट्रेलियात आपल्या पोरांची मॅच हाय."

क्रिकेटची मॅच असती तर गावाने समजून घेतलं असतं. क्रिकेटसाठी आमच्याकडे बारशी पुढे ढकलली जातात. पण ही मॅच असे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर. नाव सांगत नाही, कारण पुढे सरपंचांविषयी एक वाक्य येणार आहे. मी तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि गिरणीच्या बरोबर समोर भाड्याने राहायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पंडू केबलवाल्याने आंब्याच्या झाडांवरून वायर ओढत ओढत जग आमच्या गावापर्यंत आणलं होतं. बाकीच्यांनी त्या जगातून सिनेमे घेतले, सासू-सुनांच्या मालिका घेतल्या. काशादादाने हा खेळ घेतला. का, ते विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो खेळ समजावून सांगायला बसे आणि मग आपलं दळणही राही आणि जेवणही राही.

तरी थोडक्यात सांगतो. मैदान लांबट गोल. चेंडूही लांबट, चांगल्या पोसलेल्या काकडीसारखा. माणसं इतकी की गावकीची मीटिंग भरल्यासारखी वाटावी, आणि वागणंही साधारण तसंच. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण. तिथे उभा असलेला पांढऱ्या कोटातला, टोपीवाला पंच लगेच दोन पांढरे झेंडे हलवतो. काशादादा त्याला कंपाउंडर म्हणे. आणि नेम हुकून चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला, तर कंपाउंडर एकच झेंडा हलवतो आणि एक गुण देतो.

"हुकल्याबद्दल?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"हुकला तरी एक!" काशादादा मांडीवर थाप मारून म्हणाला. पिठाचा ढग उडाला. "मास्तर, एवढे खेळ बघितले, पण असा न्याय नाय कुठं. आपल्याकडं हुकला त्याची आयमाय काढतात. तिकडं गुण देतात."

हे त्याचं पालुपद झालं. कोणाचा मुलगा दहावीला गणितात गेला, हुकला तरी एक. कोणाची म्हैस विकायला नेली आणि परत आणावी लागली, हुकला तरी एक. माझं एक स्थळ मोडलं तेव्हाही तो मला हेच म्हणाला. मला तो एक गुण कुठे मिळाला ते मात्र अजून सापडलेलं नाही.

खेळाडूंची नावं त्याला उच्चारता येत नसत, म्हणून त्याने नवी ठेवली होती. लांब्या, टकल्या, रेड्या, आणि केस वाढवलेला एक होता तो शकुंतला. संघाचं नाव 'आपली पोरं'. विरुद्ध बाजूला कोणीही असो, ते 'मुरबाडवाले'. आमच्या गावाचं मुरबाडकडच्यांशी कबड्डीवरून फार जुनं वाकडं आहे, तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नाही.

आणि फळा! गिरणीबाहेर एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर एरवी 'आज मिरची दळणार नाही' असला मजकूर. पण आपली पोरं जिंकली की त्यावर विजयाचे धडे उतरत. काशादादा चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर मात्र मोत्यासारखं. एक फळा मी वहीत उतरवून घेतला होता:

धडा १. चेंडू वाकडा असला तरी चालेल, खेळणारा सरळ पाहिजे.
धडा २. वारा बघून मारावे. (दळण झाकून न्यावे.)
धडा ३. दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन वर चढणे या खेळात मान्य आहे. आपल्या पंचायतीतही आहे.
धडा ४. हुकला तरी एक.

तिसऱ्या धड्यावरून सरपंच स्वतः येऊन गेले. काशादादाने ओल्या फडक्याने 'पंचायतीतही' एवढाच शब्द पुसला आणि त्या जागी 'इकडेही' लिहिलं. सरपंच समाधानाने परत गेले.

बायका वैतागत. गिरणीच्या ओट्यावर डबा घेऊन बसलेल्या जनीवहिनी एकदा ओरडल्या, "काशाभावजी, तुमची ऑस्ट्रेलिया भाकऱ्या थापून देनार हाय का?"

"दम धर गो वहिनी, शेवटचा डाव हाय."

"डाव घाला चुलीत! घरी पीठ नाय!"

पण उठून कोणी जात नसे. दुसरी गिरणी चार किलोमीटरवर होती हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांनाही लांब्या आवडायला लागला होता.

आत कोपऱ्यात भाताच्या गोणीवर काशादादाचा धाकटा भाऊ बारकू बसलेला असे. लग्न न केलेला, भावाच्याच घरी राहणारा. काही वर्षांपूर्वी त्याच्यावरून वारं गेलं होतं. उजवा हात लुळा पडला आणि स्मरणशक्तीही गेली. सकाळी खाल्लेली भाकरी दुपारी आठवायची नाही. मॅच संपल्याचा भोंगा टीव्हीत वाजला की तो दर शनिवारी विचारी, "दादा, जिंकलो का रे?"

"जिंकलो!" काशादादा म्हणे. आपली पोरं सडकून हरली असली तरी म्हणे. हा माणूस स्वतःच्या भावालाही हरल्याचं सांगत नाही, याचं आम्हाला हसू यायचं.

आणि एके दिवशी तो खेळ दाखवणारं चॅनेलच बंद झालं. पंडूने पुष्कळ खटपट केली, डिशची छत्री इकडे फिरवली, तिकडे फिरवली. उपयोग झाला नाही. चार शनिवार काशादादा कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिला. फळ्यावर मिरचीसुद्धा नव्हती. दळणावर लक्ष नाही, पीठ जाडंभरडं, साऱ्या गावाच्या भाकऱ्या थापता थापता फाटू लागल्या. शेवटी मी पंडूला गाठलं.

पंडूकडे एक कॅसेट होती. एका शनिवारी गिरणीकडची वीज जाईल म्हणून काशादादानेच त्याला एक मॅच टेप करायला लावली होती. पंडूला कोरी कॅसेट सापडली नव्हती, म्हणून त्याने ती स्वतःच्या हळदीच्या कॅसेटवर केली होती. त्यावरून पंडूची बायको महिनाभर माहेरी होती, पण ती वेगळी गोष्ट. मॅच मात्र अशी की डोळ्याचं पातं लवू नये. शेवटी दोन्हीकडे सारखे गुण. लांब्या चेंडू मारतो. नेम हुकतो. एकच झेंडा, एकच गुण, आणि भोंगा! आपली पोरं एका गुणाने जिंकतात.

पंडू दुपारी ज्या चॅनेलवर स्वतःच्या व्हीसीआरवरून हिंदी सिनेमे लावायचा, त्यावर आम्ही शनिवारी दहा वाजता ती कॅसेट लावली. काशादादा खुलला. पुढच्या शनिवारी पुन्हा तीच. स्पर्धा बारा महिने कशी काय चालते, असं कोणी विचारलं तर मी तोंड गंभीर करून सांगे, "दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात." भूगोलाच्या शिक्षकाने मारलेल्या थापेला गावात कोण आव्हान देणार?

तीन वर्षं हे चाललं. एकच मॅच, एकच हुकलेला चेंडू, आणि दर शनिवारी फळ्यावर त्या ताज्या विजयाचे नवे कोरे धडे! शकुंतलाने केस बांधायला हवे होते. रेड्याने आज घाई केली नाही, भात लावतानाही करू नये. मला त्या डोक्याचं नवल वाटे आणि भीतीही. कारण हे कधीतरी त्याला कळणार होतं. आपण गावभर ज्याचे धडे लिहिले तो विजय शिळा होता, आणि समोरचा मास्तर आपल्याला तीन वर्षं खुळ्यात काढत होता, हे कळलं तर हा माणूस पुन्हा त्या टीव्हीकडे बघेल का? माझ्याकडे बघेल का? मला त्याची शरम वाटायची. पण थांबवायचं धाडस होत नव्हतं.

मग एका शनिवारी व्हीसीआरने कॅसेट खाल्ली. लांब्या चेंडू हातात घेऊन मागे सरला, धावला, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. पाच मिनिटांत पंडू सायकलवरून धापा टाकत आला. हातात फितीचा गुंता होता. रस्त्यातूनच त्याने मला खुणावलं, सगळं संपलं म्हणून. मी ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. काशादादाला फळ्यापाशी बाहेर बोलावलं.

"दादा, एक सांगायचंय. रागवा, पण ऐकून घ्या. ती मॅच..."

"तुटली काय कॅसेट?" काशादादाने विचारलं.

मी पंडूच्या हातातल्या गुंत्याकडे पाहिलं.

"मास्तर, अहो, मॅचच्या आधी कधीमधी पंडूची आत्या हळदीत नाचताना दिसते. ती काय ऑस्ट्रेलियात नाचाया गेलती?" तो हसला. "आनि बघ्यांतली ती लाल छत्रीवाली म्हातारी. दर शनवारी त्याच टायमाला केळं सोलते. मला पयल्या महिन्यातच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी बंद केली असती."

हुशारीचा माझा सगळा तोरा तिथेच उतरला. काशादादा आत बघत होता, गोणीवर बसलेल्या बारकूकडे.

"आमी दोघं गावाकडनं कबड्डी खेळायचो. मी कॅप्टन. मुरबाडवाल्यांबरोबर फायनल होती, गुण सारखे, शेवटची चढाई याची. नुसता परत आला असता तरी चाललं असतं. पन पाय रेषेबाहेर पडला. एका गुनानं गेली शील्ड. मी त्याला सगळ्या गावासमोर शिवी दिली, मास्तर. आईवरनं. आई आमची एकच. त्या दिवसापासून तो मैदानात आला नाय. लगीनबी नको म्हनला. आता डोक्यातनं सगळं गेलंय त्याच्या. माझ्या पोरांची नावं गेली. तेवढी चढाई ऱ्हायलीय. दर दोन दिसांनी विचारतो, दादा, माझ्यामुळं हारलो ना? मंग मी सांगतो, शनवार येऊ दे, तुला दाखवतो."

तीन वर्षं मी ज्याला चाहता समजत होतो, तो दर शनिवारी एक शिवी परत घेत होता.

तेवढ्यात आतून हाक आली, "दादा! लांब्यानी मारला का रे?"

काशादादा आत गेला. मुंग्या नाचणाऱ्या टीव्हीसमोर उभा राहिला. नखशिखांत पिठाने माखलेला, अगदी त्या कंपाउंडरसारखा. ओट्यावर जनीवहिनी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"लांब्या मागं गेला," काशादादा म्हणाला. "धावला. मारला."

"मंग?"

"हुकला."

बारकूचा चेहरा पडला. डाव्या हाताने तो गोणीचा सुतळीचा टाका उसवू लागला. "माझा पाय पडला ना रे रेषेबाहेर?"

"पडला," काशादादा म्हणाला. "हुकला तरी...?"

बारकूने जरा विचार केला. मग डाव्या हाताचं एक बोट हळूच वर केलं. "एक?"

"एक. तेवढ्यानंच जिंकलो."

"तू मला वरडला नायस ना?"

"नाय रे बारक्या," काशादादा म्हणाला.

बारकूचं तेवढ्याने भागेना. तो दाराकडे पाहू लागला, माझ्याकडे. झेंडा कोणी दाखवला नव्हता. मी खिसे चाचपले, खडूने मळलेला माझा पांढरा रुमाल काढला आणि दारात उभा राहून एकदा हलवला.

"बघ," काशादादा भावाला म्हणाला, "मास्तरांनीबी दिला." मग त्याने मोटरचा खटका वर केला आणि जनीवहिनींचा डबा हातात घेतला.